गल्ला आणि संगणक

दिग्रसच्या बाजारपेठेतील छोटे व्यापारी आता आपले विवरणपत्र संगणकावर भरतात. ‘सुगम’ म्हणजे आयटीआर-४ त्यांच्या परिचयाचे झाले आहे. आयकर कायदा १९६१ च्या कलम ४४एडीनुसार, साधारणपणे दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीत, रोख जमेच्या किमान ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के रक्कम नफा म्हणून दाखविता येते. जमा लिहिली की सॉफ्टवेअर हिशेब मांडते.

मात्र ‘किमान’ या शब्दाकडे अनेकांचा काणाडोळा होतो. प्रत्यक्ष नफा अधिक असल्यास तो अधिकच दाखवावा. घरातील मुलगा दलाली किंवा विम्याचे कमिशन मिळवीत असेल, तर त्या उत्पन्नाला हे कलम लागू नाही. तेथे आयटीआर-३ भरावे लागते. विवरणपत्रात आधीच भरून येणाऱ्या माहितीत कापलेला कर दिसतो, गल्ल्यातील रोख दिसत नाही.

पुढे दुकान वाढविण्यासाठी कर्ज मागितले की बँक हीच विवरणपत्रे मागते. वर्षानुवर्षे कमी दाखविलेला नफा तेव्हा आडवा येतो आणि तोंडी सांगितलेली मिळकत उपयोगी पडत नाही. म्हणून रोजची रोख जमा वहीत त्याच दिवशी लिहावी, आणि विवरणपत्र वहीवरून भरावे.