जिभेतले औषध

कुत्र्याच्या जिभेत औषध असते, ही समजूत आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तिला धर्मकथांचाही थोडा आधार मिळाला. श्रीमंताच्या दारी पडलेल्या लाजरसचे फोड कुत्रे चाटीत. संत रॉक यांची प्रतिमा तर मांडीवरचा व्रण आणि पायाशी भाकरी धरलेला कुत्रा यांवाचून सहसा दिसतच नाही. त्यामुळे कुत्रा तासन्‌तास पंजा चाटीत बसला, की 'आपले आपणच बरे करतो आहे' असे म्हणून आपण निर्धास्त होतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. लाळेत जंतूंना थोडा अटकाव करणारी द्रव्ये असतात, हे खरे. परंतु तीच लाळ बोटांच्या बेचक्यांत सतत ओल ठेवते आणि ओलीत बुरशी व जंतू माजतात. मग खाज वाढते, खाजेपायी चाटणे वाढते. पांढऱ्या केसांवर लाळेचा तांबूस डाग दिसला, की हे चाटणे कालपरवाचे नव्हे, असे खुशाल समजावे.

आमच्या धर्मगुरुनिवासातील शेरूने भर आषाढात हा उद्योग आरंभिला. रात्री दिवे मालवल्यावर पडवीतून तो एकसुरी चपचप आवाज वर येई. उपाय सुचविणाऱ्यांची वाण नव्हती. एका मावशींनी सांगितले, "चाटू द्या हो फादर, जिभेनेच भरून येईल." दुसऱ्या एका गृहस्थांनी पंजाला मिरचीपूड चोळण्यास सुचविले. सोललेल्या कातडीवर मिरची! हा प्रयोग त्यांनी प्रथम स्वतःच्या बोटावर करावा, एवढेच आम्ही म्हणालो.

पशुवैद्यांचा पहिलाच प्रश्न मोलाचा होता: एकच पंजा चाटतो की अधिक? एकच असेल, तर काटा, कुसळ, तुटलेले नख किंवा सांध्याचे दुखणे शोधावे. अधिक असतील, तर बहुधा कशाचे तरी वावडे असते: गवताचे, धुळीतील सूक्ष्म किड्यांचे, पिसवांच्या चाव्याचे, क्वचित अन्नाचे. शेरूचे दोन्ही पुढचे पंजे लाल झाले होते. फिरून आल्यावर पंजे स्वच्छ पाण्याने धुणे, बेचक्या कोरड्या पुसणे, दिलेले औषध लावणे आणि काही दिवस गळ्याभोवती नरसाळे बांधणे, एवढ्यावर त्याचे भागले. नरसाळे घालून तो दारांना धडकत असे, ते सोडा. आपली मलमे मात्र त्यांनी बजावून वर्ज्य केली, कारण लावलेले सारे पोटात जाते.

परंतु सर्वच चाटणे कातडीतून उद्भवत नाही. आमच्या धर्मग्रामातील एका घरी तरणाबांड कुत्रा सकाळच्या लोकलपासून रात्रीपर्यंत पेरूच्या झाडाला साखळीने बांधलेला असे. मनगटावर एकच जागा चाटून चाटून त्याने रुपयाएवढा टणक व्रण केला होता. 'घाण करतो' म्हणून त्याला मासळीबाजारात सोडून देण्याचे घाटत होते. वैद्यांनी व्रणावर औषध दिले आणि साखळीविषयी विचारले. कंटाळा व कोंडमारा हेही या व्याधीचे कारण असते, हे ऐकून यजमान जरा ओशाळले.

हल्ली त्यांची धाकटी कन्या सकाळ-संध्याकाळ त्याला विहिरीपर्यंत फिरवून आणते. व्रण पुरता भरलेला नाही. भोवती केस मात्र उगवू लागले आहेत.