सहा महिने, एक पाठशाळा आणि उंदीर



ओहायोहून परत आले की बस्तीत भेटणारी प्रत्येक जण विचारते, "काकू, सहा महिने तिथे करता तरी काय? वेळ कसा जातो?" तोंडी सांगत बसले तर अभिषेक राहून जाईल, म्हणून यंदा लिहूनच काढते.

मुलाच्या गावात जैनांची पस्तीसएक घरं आहेत. गुजराती, मारवाडी, कानडी, दोन तमिळ, आणि मराठी म्हणाल तर आम्ही आणि बार्शीकडचं एक कुटुंब. स्वतंत्र जिनमंदिर नाही. गावातल्या हिंदू मंदिरात एका बाजूला महावीर भगवंतांची वेदी आहे, मागे हॉल आणि हॉलला लागून स्वयंपाकघर. एक रविवार आड तिथे पाठशाळा भरते. मी सांगलीत पंधरा-सोळा वर्षं पाठशाळा घेतली आहे हे सूनबाईंनी कुणाला तरी सांगितलं, आणि माझ्या दुसऱ्या खेपेला बारा मुलं माझ्या पुढ्यात येऊन बसली. ही चौथी खेप. दशलक्षणातला संध्याकाळचा स्वाध्यायही आता माझ्याकडेच असतो. दहा दिवस, तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय, आणि माझं मोडकंतोडकं इंग्रजी.

समोर राहणाऱ्या बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही तुमच्या धर्माच्या मिशनरी का?" मला हसूच आलं. पण रात्री विचार करत राहिले. आपले मुनी आणि आर्यिका वाहनात बसत नाहीत, त्यामुळे समुद्रापलीकडे धर्म न्यायचा तो संसारी माणसांनीच. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं आमंत्रण आत्मारामजी महाराजांना आलं होतं. ते जाऊ शकत नव्हते, म्हणून मुंबईत शिकलेले वीरचंद राघवजी गांधी गेले. वय २९. पुढे १९७५ मध्ये आचार्य सुशीलकुमार विमानाने गेले तेव्हा इकडे केवढा गदारोळ झाला! तेरापंथाच्या आचार्य तुलसींनी १९८० मध्ये समण-समणींची वेगळी श्रेणीच काढली. त्यांना वाहनाची मोकळीक असते, म्हणून त्या समणी परदेशातही दिसतात. आपल्या दिगंबरांत समणींची अशी श्रेणी नाही. आपल्यात माझ्यासारखी गुडघे दुखणारी काकूच जायची.

धर्म बदलायला लावणं आपल्याला ठाऊक नाही. आपला शब्द प्रभावना. पण सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत प्रभावना शेवटी येते, हे लक्षात घ्या. तिच्या आधी उपगूहन, स्थितिकरण आणि वात्सल्य ही अंगं आहेत. जो घसरतोय त्याला हात देऊन पुन्हा उभं करायचं ते स्थितिकरण. तिकडे तेवढं जमलं तरी पुष्कळ, असं माझं मत आहे.

निघताना माताजींच्या दर्शनाला गेले होते. तेरा हजार किलोमीटर चाललेय आणि दिग्व्रत कसं पाळू, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथे पोचल्यावर देशव्रत घे. रोजचं कुंपण रोज आख." तसं मी करते. घर, मंदिर, वाचनालय आणि किराणा दुकान. गाडी चालवता येत नाही, म्हणून हे व्रत तसं आपोआपच पळतं म्हणा.

बाकीचं मात्र आपोआप होत नाही. पाणी गाळायचा कपडा पाहून प्लंबर विचारतो, पाणी खराब येतंय का? धूप घालायला गेलं की छतावरचा अलार्म बोंबलतो, म्हणून धूप बंद आणि दिवा विजेचा. जूनमध्ये सूर्य नऊला मावळतो तेव्हा चौविहार म्हणजे गंमत वाटते. सून सहाला आली तरी निवांत जेवता येतं. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे करतात आणि एका रात्रीत सूर्यास्त पाच-सव्वापाचवर येतो. सून तेव्हा रस्त्यात असते. दुपारी तीनला मी डबा भरून देऊ शकत नाही, कारण ती तीस मैलांवर. मग सकाळीच दोन डबे द्यायचे, आणि दुसरा ती पार्किंगमध्ये गाडीत बसून चारला खाते. "आई, लोकांना वाटतं मी रुसून बसलेय," असं ती म्हणते. मुलाने रात्रिभोजन कधीच सुरू केलंय. तो विषय मी काढत नाही.

खाण्याच्या पदार्थांचं तर विचारूच नका. पुडक्यावर हिरवा ठिपका नाही. मार्शमॅलोत जिलेटिन, चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन, काही दह्यांतसुद्धा. चीजमध्ये नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असतं, आता ते वासराच्या पोटातलं की बुरशीपासूनचं हे कुणी सांगायचं? मी बी.कॉम.ला ऑडिटिंग शिकले ते इथे कामी आलं. मुलांना सांगितलं, प्रत्येक नोंदीला व्हाउचर हवंच. आता ती मुलं दुकानात आईबापांना पुढे जाऊ देत नाहीत. एक मुलगा तर शाळेच्या सहलीतून मार्शमॅलोची पिशवी पुरावा म्हणून घेऊन आला. (तीन खाऊन झाले होते. तेही त्यानेच सांगितलं.)

जुलैमध्ये एका दुपारी बेल वाजली. दारात मॉर्मन पंथाची दोन मुलं. पांढरे शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी आणि तीवर 'एल्डर' म्हणजे ज्येष्ठ असं लिहिलेलं. वय एकोणीस! खरे मिशनरी. घरची सगळी सोडून दोन वर्षं दारोदार फिरायचं. हे घरात होते म्हणून त्यांना आत बोलावलं आणि चहा टाकायला उठले, तर म्हणाले, "आम्ही चहा-कॉफी घेत नाही, आमचा नियम आहे." मैत्रिणींनो, इतक्या वर्षांत अमेरिकेत आपणहून 'माझा नियम आहे' म्हणणारं माणूस मला प्रथमच भेटलं. लिंबू सरबत दिलं. एकाने सांगितलं की सकाळपासून एकाच घराचं दार उघडलं होतं, तेही कुत्र्याला आवरण्यासाठी. आईशी आठवड्यातून एकदा बोलणं होतं. "मग वाईट वाटत नाही का?" मी विचारलं. "वाटतं की. पण उद्या पुढची गल्ली आहे," तो म्हणाला. निघताना काही मदत हवी का असं विचारलं, आणि तो चीं चीं करणारा अलार्म शिडीवर चढून नव्या सेलने गप्प केला. त्यांच्या पुस्तकाबद्दल मी काही विचारलं नाही, त्यांनीही माझ्या जपमाळेबद्दल विचारलं नाही. सरबत मात्र दोन दोन पेले झालं.

आता उंदरांचं सांगते.

श्वेतांबर बंधूंचे आठ दिवस आणि आपले दहा, असं आमच्याकडे एकत्रच होतं. त्याच्या आठवडाभर आधी स्वयंपाकघरात तांदळाचं पोतं कुरतडलेलं दिसलं, मागे लेंड्या. व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनी उंदीर मारणाऱ्या कंपनीला बोलावलं. रविवारी पाठशाळेआधी आमची तेरा वर्षांची मुलगी, वर्गातली सगळ्यांत मोठी, ताटं आणायला आत गेली ती परतलीच नाही. मी पाहायला गेले. ओट्याखाली चिकटपट्टी आणि तीवर जिवंत उंदीर. बोटभर लांबीचा, एक कुशी पूर्ण चिकटलेली, नाक हलतंय. मुलगी भिंतीला टेकून उभी.

आपल्याकडे कणिक हाताला चिकटली की आपण तेल लावतो ना? तेच केलं. हातमोजे घातले, सूर्यफुलाचं तेल कोमट करून चमच्याने थेंब थेंब सोडलं. एक पाय सुटला की दुसरा चिकटायचा. वीस मिनिटं लागली. त्या कुशीवरचे केस गेले, पण सुटला. खोक्यात पाला घालून मागच्या झुडपात सोडला. मी मनात णमोकार म्हणत होते. मुलीने खोकं धरलं होतं, आणि तिचे हात थरथरत होते.

त्या दिवशीचा पाठ नेमका पाच अणुव्रतांचा. ती म्हणाली, "आज्जी, हॉलच्या भिंतीवर अहिंसेचा एवढा मोठा फलक आहे. आणि भिंतीच्या पलीकडे ही पट्टी. मी पाठशाळेला येणार नाही." वही बॅगेत घातली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली, आई न्यायला येईपर्यंत.

तिला काय उत्तर द्यायचं? मी काहीच दिलं नाही. दुपारी मंडळींची बैठक होती तिथे जाऊन बसले. सेक्रेटरी भला माणूस आहे, पूजेला रोज येतो. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. इथे पर्वात शेकडो पानं उठतात, लहान मुलं जेवतात, आरोग्य खात्याचा माणूस तपासणीला आला तर स्वयंपाकघराला टाळं लागेल. "काकू, गृहस्थाला आरंभी हिंसा सुटत नाही, हे तुम्हीच शिकवता."

शिकवते. हिंसा चार प्रकारची. चूल, केरवारा, दळणकांडण यात होते ती आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःच्या रक्षणात होते ती विरोधी, आणि ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाने संकल्पी पूर्ण सोडायची आणि बाकीच्या जपून कमी करत जायच्या. मी त्यांना म्हटलं, केर काढताना मुंगी गेली तर तुमचा हेतू केराचा असतो. पट्टीचा हेतू काय? उंदीर चिकटावा हाच ना? आणि तो लगेच मरतही नाही, भुकेने तडफडत दिवस काढतो. याला आरंभी कसं म्हणायचं?

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सेक्रेटरी म्हणाला, "ठीक आहे. पर्याय द्या."

हे मला आवडलं. तत्त्व सांगणं सोपं असतं हो, सकाळी सहाला पिंजरा बघायला कोण जाणार हा खरा प्रश्न. उंदीर दोन गोष्टींसाठी येतो, अन्न आणि वाट. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून तो आत शिरतो. आम्ही बायकांनी एक अख्खा दिवस गुडघ्यांवर बसून भोकं शोधली. सिंकच्या नळाभोवती, गॅसच्या पाइपाजवळ, दाराच्या फटीत. त्यांत भांडी घासायच्या तारेचे बोळे कोंबले आणि वरून पुरुषांनी भराव भरला. तांदूळ, डाळी, साखर घट्ट झाकणाच्या डब्यांत. रात्री एक कण ओट्यावर ठेवायचा नाही. आणि आत राहिलेल्यांसाठी जिवंत पकडायचे सापळे, शेंगदाण्याचं लोणी लावून. पण सापळा दिवसातून दोनदा पाहावाच लागतो, नाहीतर आत कोंडून मेलेला उंदीर आपल्याच नावावर. आणि सोडायला लांब माळावर जायचं. तिथे तो किती जगतो देव जाणे, तोही विचार मला अजून सोडत नाही.

पाळ्यांना कुणी नाव देईना. प्रत्येकाचं ऑफिस, प्रत्येकाचं अंतर. मला चालवता येत नाही. मी वैतागून घरी आले, सामायिकाला बसले तरी अठ्ठेचाळीस मिनिटं डोक्यात पिंजरेच.

दोन दिवसांनी त्या मुलीच्या आईचा फोन आला. मुलगी म्हणतेय, पाळ्यांचा तक्ता ती करेल, पण तो तिच्याच हातात राहील. मी लगेच हो म्हटलं. काय तक्ता केला तिने! तारीख, वेळ, कोण, किती सापडले, कुठे सोडले. ज्यांनी मला नाही म्हटलं होतं त्यांना तिला नाही म्हणता आलं नाही. तीन आठवड्यांत अकरा उंदीर बाहेर गेले.

एक मेला. उत्तम शौचाच्या दिवशी, एका कुटुंबाची सकाळची पाळी राहून गेली म्हणून. मुलीने त्याला मागे मेपलच्या झाडाखाली पुरला आणि तक्त्यात त्या कुटुंबाचं नाव लाल अक्षरात लिहायला घेतलं. मी तिला थांबवलं. नाव लिहू नकोस, रकाना कोरा ठेव, असं सांगितलं. दुसऱ्याचा दोष चारचौघांत उघडा पाडायचा नाही हे उपगूहन. ज्यांचं चुकलं त्यांच्याशी एकांतात बोलायचं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आज्जी, तुमच्या ऑडिटमध्ये असं चालतं?"

नाही चालत, असंच मी सांगितलं. तिने रकाना कोरा ठेवला, पण भुवया काही खाली आल्या नाहीत.

क्षमावाणीच्या दिवशी त्या घरातले गृहस्थ तिच्यासमोर येऊन हात जोडून उभे राहिले. ती नुसतं "ओके" म्हणाली. बाकीचे हसले, मी नाही हसले. तेराव्या वर्षी तेवढं म्हणणंही जड जातं.

ती पुन्हा वर्गात बसत नाही. सापळे बघायला येते, मग पाठ चालू असताना हॉलच्या दाराशी उभी राहते, हातात तक्त्याची वही. ये, बस, असं मी एकदाही म्हटलं नाही. शेवटच्या रविवारी पाठ अपरिग्रहाचा होता. मध्येच तिने दारातूनच विचारलं, मंदिराला तांदळाची एवढी पोती एकदम घ्यायची गरज काय? वर्गातल्या धाकट्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हा प्रश्न सेक्रेटरींना विचारायला हवा. तिने विचारलाही.

मी परत येऊन आता पाच आठवडे झाले. तिचा मेसेज येतो, दर रविवारी, फक्त आकडे. या रविवारी दोन पाळ्या रिकाम्या होत्या आणि थंडीमुळे उंदीर पुन्हा आत यायला लागलेत. जानेवारीत जमलं नाही तर कंपनीला बोलवावं लागेल, असं सेक्रेटरी म्हणतायत. मुलाला फोन करून तुझा सोमवार मोकळा असतो का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आई, सकाळी सहाला?" मी म्हटलं, हो, सहाला. अजून उत्तर आलेलं नाही.