रेघांचे पंचांग

आमचे चिरंजीव हल्ली सकाळी ‘पिव्हट’ काढतात. कालचा उच्चांक ११०, नीचांक ९५, बंद भाव १०१. बेरजेला तीनाने भागले की १०२! भाव त्यावर तर तेजी, खाली तर मंदी. चढलेला भाव चढाच्या ३८.२ किंवा ६१.८ टक्के उतरून सावरतो, असे फिबोनाचीच्या रेघा म्हणे सांगतात. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. हीच अंकमाला त्याआधी आपल्या हेमचंद्राने मात्रावृत्तांसाठी मांडली होती. पण मात्रा चुकली तर कविता बिघडते. इथे घर बसते! २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात वायदे-ऑप्शनमध्ये शंभरातले ९३ वैयक्तिक व्यापारी तोट्यात गेले, असे ‘सेबी’नेच सांगितले. म्हणून चिरंजीवांना म्हटले, “बाबा रे, रेघा हव्या तेवढ्या ओढ, पण किती गेले की उठायचे, ती रेघ आधी ओढ.”