खालच्या कप्प्यातली भांडी



गेल्या रविवारी मंदिरातून निघताना एकीने विचारलं, "काकू, तुमची नात मोबाईलशिवाय जेवते, खेळते म्हणे. करता तरी काय?" सगळ्या थांबल्या. मीही जरा फुशारकीनेच बोलले. घरी आल्यावर मात्र वाटलं, अर्धंच सांगितलं आपण. उरलेलं इथे लिहिते.

सूनबाई नोकरीवर परत रुजू झाली तेव्हा नात पावणेदोन वर्षांची होती. आता सव्वादोन. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती माझ्याकडे. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मोबाईल दाखवायचाच नाही, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलेलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली हेच सांगितलं आहे आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी फार तर एक तास, तोही जितका कमी तितका बरा. सांगणं सोपं असतं. दुपारी पोळ्या लाटताना पदराला लोंबकळणारं पोर आवरायचं कसं, ते कोण सांगणार?

मी ओट्याखालचा एक कप्पा रिकामा केला. काचेचं, धारेचं, जड ते सगळं वर गेलं. खाली ठेवले स्टीलचे पाच डबे झाकणांसकट, एक नरसाळं, पिठाची चाळण, दोन लाकडी डाव आणि माझ्या सासूबाईंच्या वेळचं मापटं. पहिल्या दिवशी तिने सगळं बाहेर काढून आपटलं. मलकापुरात हायवेच्या गाड्यांचा आवाज कानाला सवयीचा असतो, पण त्या दिवशी तो ऐकूच आला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी आपटणं थांबलं आणि झाकणं सुरू झाली. हे याला बसतं का, त्याला बसतं का. मोठं झाकण लहान डब्यावर ठेवायचं, ते घसरायचं, पुन्हा ठेवायचं. मला राहवेना. मी उठून बरोबर झाकण लावून दिलं, "असं गं बाई" म्हणत. तिने माझ्याकडे पाहिलं, डबा ढकलला आणि "आजी, कडे" म्हणून हात वर केले. खेळ संपला.

असं तीन-चारदा झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. आता मी जवळच बसते, हातात भाजी निवडायला घेते आणि तोंड मिटून घेते. तिने पाहिलं तर हसते. झाकण न बसल्याचा त्रास तिच्यापेक्षा मलाच जास्त होतो, हे कबूल करते. आणि खेळ किती वेळ चालतो म्हणाल, तर कधी पाच मिनिटं, कधी वीस. तासभर कुणाचं मूल एकटं खेळतं असं कुणी सांगितलं, तर मी कॉमर्सची आहे, हिशेब तपासून घेईन.

यात माझं डोकं काही नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. शहरातल्या बालमंदिरांत वापरायची महागडी लाकडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. मग ताराबाई आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, आजूबाजूला जे मिळेल त्याची साधनं केली. मुलं शाळेत येईनात तेव्हा वस्तीवर जाऊन अंगणातच बालवाडी भरवली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताईंचं आत्मचरित्रही त्याच नावाचं आहे, 'कोसबाडच्या टेकडीवरून'. मिळालं तर जरूर वाचा. आपल्या घरात तर नुसता एक कप्पा रिकामा करायचा असतो.

पाण्याचं मात्र मला कोडं पडलं. पाणी हा मुलांचा जीव की प्राण, आणि आपण पाण्यात जीव मानणारे. थेंब न सांडता गाळून घेणाऱ्या आईच्या हाताखाली मी वाढले. आमच्या मलकापुरात नळाला चोवीस तास पाणी, पण घरोघर मीटर, त्यामुळे धर्म आणि बिल दोन्हीकडून हात आखडतो. शेवटी मधला मार्ग काढला. मोठी परात, त्यात दोन वाट्या, लहान तांब्या आणि एक फुलपात्र गाळलेलं पाणी. तेवढंच. ते या वाटीतून त्या वाटीत ओतायचं, आणि परातीत सांडेल ते मोगऱ्याला. संपलं म्हणजे संपलं. दोन दिवस रडली, मग थोडं थोडं ओतायला आपणच शिकली. हा खेळ ती परातीपाशी बसून आणि मी तिच्यापाशी बसूनच. न्हाणीघरात बादली भरून ठेवणं आमच्याकडे बंद झालंय. लहान मुलाला बुडायला वीतभर पाणीही लागत नाही.

आता ते अर्धं, जे मंदिरात सांगितलं नाही.

नात रमू लागली तसा मला लोभ सुटला. सकाळचं सामायिक व्हायचं, पण दुपारचं सुनेच्या बाळंतपणापासून सुटलं होतं. म्हटलं, हिला खेळात बसवावं आणि आपण अठ्ठेचाळीस मिनिटं बसावं. त्यासाठी जास्त वेळ चालणारा खेळ हवा. मी वाटीभर हरभरे आणि एक रिकामी बरणी दिली. एकेक हरभरा बरणीत टाकायचा. पाठ तिच्याकडे, तोंड पूर्वेला, डोळे मिटलेले. पंधरा-वीस मिनिटं टक टक आवाज येत होता, आणि मला समाधान वाटत होतं. मग आवाज थांबला. मग रडणं.

हरभरा नाकात गेला होता. मी बोट घालायला गेले, तो आणखी आत सरकला. सामायिक अर्ध्यावर सोडून, शेजाऱ्यांच्या गाडीतून कराडला डॉक्टरांकडे. त्यांनी दोन मिनिटांत बारीक आकड्याने काढला. म्हणाले, "घरी काढत बसला नाहीत ते बरं केलंत. ओलाव्याने हरभरा फुगतो. आणि श्वासनलिकेत गेला असता तर गोष्ट वेगळी होती." मी बोट घातल्याचं तेव्हा सांगितलं नाही. नियम मोडल्याची खंत मला तेव्हाही वाटली नाही, आजही नाही. खंत आहे ती पाठ फिरवून बसल्याची. मूल आपलं आपण खेळतंय म्हणजे आपण नसलो तरी चालतं, अशी मी सोयीची समजूत करून घेतली होती.

संध्याकाळी सूनबाईला सगळं सांगितलं, बोटासकट. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही दमता. अर्धा तास टीव्ही लावत जा ना." चार दिवस घरात कुणी मोकळं बोललं नाही.

त्यानंतर कपाटातून कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी काढली. त्या डबीत जी वस्तू मावते ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाला द्यायची नाही. कडधान्यं, मणी, बटणं, नाणी, चिंचोके, सगळं बाद. रिमोटमधले चपटे गोल सेल तर मी स्वतःच्या कुलुपात ठेवते, ते गिळले तर आतून भाजतं. सामायिक आता सूनबाई आल्यावर.

कणकेचा गोळा हा मात्र छान खेळ, गव्हाची अॅलर्जी नसेल तर. लिंबाएवढा नको, चांगला मोसंबीएवढा द्यावा. हळद घालून पिवळा केला की वेगळीच मजा. शिळी कणीक आपण ठेवत नाही, म्हणून उरलेली त्याच संध्याकाळी गाईला. माझी आजी आम्हाला बेंदराला बैल करू द्यायची, पण मातीचे. कणकेचा प्राणी करून तव्यावर टाकू द्यायची नाही. यशोधर राजाने खरा बळी टाळून पिठाचा कोंबडा मारला, तरी मारण्याचा भाव मनात होता म्हणून त्याला आणि त्याच्या आईला किती जन्म भोगावे लागले, ती कथा ती चुलीपुढे सांगायची. नातीला कथा कळायचं वय नाही. ती नुसत्या पोळ्या करते, चौकोनी. आणि बटाट्याचे ठसे सगळीकडे सुचवतात ना, आपल्या घरी बटाटाच नाही. भेंडीच्या देठाकडचा तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून कागदावर टेकवा, फूल उमटतं.

परवा सूनबाईने ऑफिसातून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणला. दारातच उभी राहून तिने कडेवरून बोट फिरवलं, कुठे धार आहे का ते पाहिलं. मग म्हणाली, "आई, ती तुमची रोलची डबी कुठेय?" एवढा मोठा डबा त्या डबीत कसा मावेल, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी डबी काढून तिच्या हातात दिली.