सहा आणि तीन मिळून दोन!

पेन आहे ना जवळ? काढा! पावतीची मागची बाजू चालेल, पण काढाच!

६ ओहमचा एक रोध, ३ ओहमचा दुसरा. एकसर जोडणीत, म्हणजे एकापुढे एक लावले, तर ९ ओहम. त्यात काय, बेरीजच तर आहे! पण तेच दोघं समांतर जोडा, उत्तर येतं २! दोन! दोघांतल्या धाकट्यापेक्षाही कमी! मी भाचीचं नववीचं पुस्तक नुसतं चाळत होते हो, धाराविद्युतचा धडा उघडला, गणित दिसलं, आणि मग वाटलं उत्तर छापताना गडबड झाली असणार, आणि मग स्वतः करून पाहिलं, आणि मग पुन्हा २!

मी कुणी जाणकार नाही बरं! फ्यूज उडाला की मेणबत्ती शोधणाऱ्यांतली मी! पण हे मलासुद्धा जमतं! नियम एकच: विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध. संपलं! गेऑर्ग ओहमनं तो १८२७ साली पुस्तकात मांडला, आणि हा बाबा त्याआधी कोलोनच्या शाळेत मास्तर होता! मास्तर!

चला, १८ व्होल्ट द्या. समांतर जोडणीत दोघांनाही पूर्ण १८ मिळतात. ६ ओहममधून ३ अँपिअर, ३ ओहममधून ६ अँपिअर, एकूण ९! आणि १८ भागिले ९? आलं की नाही दोन! दादरला रुंद जिन्याशेजारी अरुंद जिना काढला तरी गर्दी हलकीच होणार, तसं! घरातली जोडणीही समांतरच, म्हणून इस्त्री लावली, गीझर लावला, ओव्हन लावला की एकूण रोध घटत जातो आणि धारा वाढत जाते आणि मग एमसीबी पडतो, खट्! त्या खट्मागे भागाकार आहे हो!

थांबा, उठू नका! २३० व्होल्टचे दोन जुने पिवळे बल्ब घ्या. रोध म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. १०० वॉटवाल्याचा ५२९ ओहम, ४० वॉटवाल्याचा जवळजवळ १३२३! आता दोघांना एकसर जोडा. कागदावरच हं, खऱ्या प्लगशी खेळ नको! धारा दोघांतून एकच, साधारण ०.१२ अँपिअर, आणि शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध, आणि मग काय, ४० वाल्याच्या वाट्याला २० वॉट आणि १०० वाल्याला जेमतेम ८! चाळीसवाला जास्त उजळतो! (तारेच्या तापमानानं रोध बदलतो, ते आज सोडून दिलंय. वर्गात सोडतात तसंच!)

आता तुमची पाळी. ६ ओहमचे तीन रोध, तिन्ही वापरायचेच. जोडण्या बदलून चार वेगवेगळी उत्तरं निघतात! १८ आणि २ मी सांगून टाकते. उरलेली दोन काढल्याशिवाय जेवायला उठलात तर बघा!