अटी आणि यतना

कर्जाचे मंजुरीपत्र हाती पडले की ग्राहक प्रथम रक्कम पाहतो. बँकेच्या अधिकाऱ्याची नजर त्याखालील अटींवर असते. माल कोठे साठवायचा, विमा किती रकमेचा उतरवायचा, साठ्याचे विवरणपत्र महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, हे सारे तेथे लिहिलेले असते. त्यांची पूर्तता पाहण्यासाठी अधिकारी गोदामात जातो आणि पोती मोजतो. मंजुरी ही अटींसह दिलेली असते. अटी मोडल्या की मंजुरीचा आधारच खचतो. सारी नोकरी हे तत्त्व सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर असेच एक मंजुरीपत्र माझ्यापुढे आले. ते मात्र दगडखाणीचे होते.

आमच्या मूळ गावाच्या उत्तरेला काळ्या पाषाणाची टेकडी आहे. तेथे काही वर्षांपासून खाण आणि खडीक्रशर चालू होते. अवेळी सुरुंग उडत. शाळेच्या भिंतीला तडे गेले होते. ज्वारीच्या पानांवर पांढरी धूळ बसे आणि वैरण गुरे तोंडात धरीनात. ग्रामसभेत दोन तट पडले. काहींना खाण कायमची बंद हवी होती. काहींची मुले तेथेच ट्रॅक्टरवर कामाला होती. त्या गोंधळात सरपंचबाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "बंद करा असं मी म्हणत नाही. परवान्यात काय लिहिलंय ते आधी आणा, आणि तसंच काम करा म्हणा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही बँकेत होता. कागद तुम्हीच वाचून दाखवा."

कागद मिळवणे अवघड नव्हते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानुसार १० रुपये शुल्क भरून अर्ज केला की ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे. महाराष्ट्रात त्यांच्या उत्खननासाठी २०१३ चे स्वतंत्र नियम आहेत. पूर्वी ५ हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांना पर्यावरणविषयक मंजुरी लागत नसे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत थांबवली. लहान लहान पट्टे पाडून मोठी टेकडी फोडण्याचा मार्ग त्यामुळे अडला. शिवाय या मंजुरीची प्रत खाणचालकाने ग्रामपंचायतीला द्यायची आणि पंचायतीने ती ३० दिवस लावून ठेवायची, असा नियम आहे. अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर या दोन तारखांना द्यावा लागतो. आमच्या फलकावर ती प्रत कधी लागल्याचे कोणालाच आठवत नव्हते.

मंजुरीपत्र मी मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचले. पट्ट्याच्या चारही कोपऱ्यांना हद्दीचे खांब, सुरुंगाची ठरलेली वेळ आणि त्याआधी भोंगा, क्रशरवर पत्र्याचे आच्छादन, रस्त्यावर पाण्याची फवारणी, वारा अडवणारी भिंत, झाडांचा पट्टा आणि वर्षाला ठरावीक ब्रास दगड. ऐकताना लोक शांत झाले. आपल्याला जे हवे होते ते आधीच लिहून ठेवलेले आहे, हे त्यांना प्रथमच कळले.

त्यानंतर गावाने जे केले ते कोणत्याही शाखेत शोभले असते. अटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवल्या. शाळेच्या मुख्याध्यापकांनी प्रत्येक सुरुंगाची तारीख आणि वेळ वहीत नोंदवली. फाट्यावरच्या चहावाल्याने गाड्या मोजल्या. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीत साधारण किती ब्रास मावतात हे गावातल्या मुलालाही ठाऊक असते. ती बेरीज आणि स्वामित्वधन भरल्याच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा तफावत उघड दिसली. निवेदनात आम्ही एकही विशेषण वापरले नाही. डाव्या बाजूला अट, उजव्या बाजूला नोंद, एवढेच लिहिले.

तहसील कार्यालयात तीन वेळा हेलपाटे झाले. चौथ्या वेळी मोजणी झाली, पंचनामा झाला. उत्खनन हद्दीबाहेर गेलेले आढळले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार अशा खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो, यंत्रे आणि वाहनेही जप्त करता येतात. काम काही आठवडे थांबले, दंड झाला, आणि खाण पुन्हा सुरू झाली. आता सुरुंग ठरल्या वेळी, भोंगा वाजल्यावर उडतो. रस्त्यावर पाणी मारले जाते. झाडांचा पट्टा मात्र अजून नाही; लावलेली रोपे पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. वही चालूच आहे.

हे सारे आपल्या समाजाच्या मासिकात का लिहावे? कारण खाणीतून निघालेली खडी आपल्या दुकानांतून, आपल्या बांधकामांतून पुढे जाते. उत्खनन कमी झाल्यावर तालुक्यात खडीचा भाव वाढला. बांधकाम साहित्याचा व्यापार करणारा माझा पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्या वहीची किंमत आम्ही मोजतोय." त्याच सुमारास आमच्या धर्मशाळेचे बांधकाम चालू होते. खडीचे दोन भाव आले. स्वस्त देणाऱ्याने वाहतूक पास मिळणार नाही असे स्पष्ट सांगितले. समितीत बराच वाद झाला. दानाचा पैसा जपून वापरावा, हे म्हणणे चुकीचे नव्हते. अखेर एक वयोवृद्ध विश्वस्त म्हणाले, "दान निर्मळ आणि दगड चोरीचा, हे कसे चालेल?" पाससह महाग खडी घेतली गेली. वरच्या मजल्यावरील दोन खोल्या पुढच्या वर्षावर गेल्या.

आपल्या शास्त्रांना हा प्रश्न नवा नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचे स्फोटकर्म आहे. पृथ्वीकायिक जीवांचा विचार त्यामागे आहे. तरीही आपली मंदिरे पाषाणाची आहेत आणि घरे दगडाच्या पायावर उभी आहेत. जी हिंसा संसारात पूर्णपणे टळत नाही, तेथे यतना सांगितली आहे: जेवढे आवश्यक तेवढेच, आणि जपून. परवान्यातील अटी मला कायद्याच्या भाषेतील यतना वाटतात. अस्तेय अणुव्रताचे पाच अतिचार व्यापाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ठेवूनच सांगितले असावेत. चोरीचा माल घेणे हे तदाहृतादान, राज्याचे नियम ओलांडणे हा विरुद्धराज्यातिक्रम, मापात कमीअधिक करणे हे हीनाधिकमानोन्मान. पासाविना आलेल्या एका गाडीत हे तिन्ही सामावू शकतात.

अटींवर कोणाचीच नजर राहिली नाही तर काय होते, हे तमिळनाडूतील मदुराईच्या परिसरात दिसले. तेथील टेकड्यांत जैन मुनींच्या शिलाशय्या आणि तमिळ-ब्राह्मी लिपीतील, सुमारे २,००० वर्षांहून जुने शिलालेख आहेत. याच भागात ग्रॅनाइटच्या खाणी पट्ट्याबाहेर पसरल्या. तलाव आणि पाण्याचे पाट बुजले. मद्रास उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सनदी अधिकारी उ. सगायम यांच्याकडे चौकशी सोपवली आणि २०१५ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याच जिल्ह्यातील अरिट्टापट्टीच्या ग्रामस्थांनी मात्र आपल्या टेकड्या जपल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील सुमारे १९३ हेक्टर क्षेत्र राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. आपल्या मुनींच्या गुहा त्या शेतकऱ्यांनी राखल्या. त्यांतले बहुतेक जण जैन नाहीत.

म्हणून व्यापारी बंधूभगिनींना एकच विनंती आहे. खडी, मुरूम किंवा वाळूची गाडी दारात आली की भावाबरोबर पासही विचारावा, त्यावरील तारीख, गाडीचा क्रमांक आणि परिमाण पाहावे, आणि त्याची प्रत बिलासोबत लावून ठेवावी. या कामाला दोन मिनिटे लागतात. आमच्या गावातील वहीला त्याचा मोठा आधार होईल.