क्रमांक तोच, कंपनी कोणती?

नवा फोन घरात आला की त्याच्याबरोबर एक प्रश्नही उंबरठा ओलांडून आत येतो. फोन नवा, पण त्यात घालावयाचे सिम जुन्याच कंपनीचे ठेवावे की या निमित्ताने कंपनीही बदलून घ्यावी? शहरातील माणसाला हा प्रश्न दहा मिनिटांत सुटणारा वाटेल. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, जेथे एका धर्मग्रामाची उपकेंद्रे पन्नास-साठ किलोमीटरांच्या परिघात विखुरलेली आहेत, तेथे तो मला दोन महिने पुरला. वाचकांपैकी अनेकांच्या घरी सध्या हाच विचार चालू असेल, म्हणून त्या दोन महिन्यांत जे पाहिले आणि जाणून घेतले ते मांडतो.

माझा जुना फोन पावसात भिजून निकामी झाला आणि वसईच्या पुतण्याने नवा धाडून दिला. तो फाइव्ह-जीचा. आमच्या युवकांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि आत कोणत्या कंपनीचे सिम आहे हे कळताच त्यांचे चेहरे पडले. ज्या कंपनीचा मी वीस वर्षे ग्राहक आहे तिची फाइव्ह-जी सेवा आमच्या गावापर्यंत आलेली नाही. दुसऱ्या एका कंपनीची आली आहे. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "फादर, ट्रॅक्टर घेतला अन् त्याले बैल जुंपले, असं झालं हे. पोर्ट करून टाका. नंबर तर तोच राह्यते, मंग काहून घाबरता जी?"

नंबर तोच राहतो, हे खरेच. आणि ही गोष्ट किती मोठी आहे हे त्या मुलाच्या वयाच्या कोणालाही उमजणार नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल फोन केला, तेव्हा मी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर शिकत होतो. आम्हा विद्यार्थ्यांना घरी बोलायचे तर एस.टी.डी. बूथसमोर रांग लावावी लागे. त्या काळी मोबाइलवर बोलणाऱ्याला पैसे पडत आणि ऐकणाऱ्यालाही पडत. ऐकणे फुकट झाले ते २००३ साली. आणि कंपनी सोडायची तर क्रमांक सोडावा लागे. हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० पासून आणि देशभर २० जानेवारी २०११ पासून क्रमांक आपला राहून कंपनी बदलण्याची सोय झाली. २०१५ च्या जुलैपासून एका मंडलातून दुसऱ्यात जातानाही तो कायम राहू लागला.

आमच्याकडे या क्रमांकाचा अर्थ थोडा वेगळा आहे. काही वस्त्यांत माझा क्रमांक भिंतीवर कोळशाने लिहिलेला आहे. चुलीच्या धुराने पुसट झाला की कोणीतरी तो पुन्हा गिरवतो. मतदान ओळखपत्र आणि शिधापत्रिका ज्या डब्यात असते त्या डब्याच्या झाकणावरही तो मी पाहिला आहे. तो बदलला असता, तर प्रत्येक भिंतीपाशी मला जावे लागले असते. तेव्हा २०११ ची ही सोय झाली नसती, तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

अमेरिकेत राहणारे आपले नातलग वेगळी कहाणी सांगतात. तेथे फोन हाच पुष्कळदा कंपनीच्या दुकानातून, तिच्या कराराने, हप्त्याने घेतला जातो आणि काही काळ तिलाच बांधलेला असतो. २००७ साली आयफोन आला तेव्हा तो तेथे एटी अँड टी या एकाच कंपनीवर चालत असे. २०११ मध्ये व्हेरायझनकडे तो मिळू लागेपर्यंत ज्याला तो फोन हवा त्याला ती कंपनी पत्करणे भाग होते. नालेसाठी घोडा घेण्यासारखेच ते. आपल्या देशात सहसा फोन एका दुकानातून आणि सिम दुसऱ्या टपरीवरून घेतले जाते. अपवाद झाले आहेत. २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हाती दिले ते तिच्याच सेवेला जखडलेले होते. २०१७ चा जिओफोनही जिओवरच चालतो. जुना फोन कोणाकडून विकत घेताना एवढे विचारून घ्यावे. बाकी आपण मोकळे आहोत, आणि मोकळ्या माणसाला निर्णय स्वतःच करावा लागतो.

कंपनी बदलण्याची रीत सोपी आहे. 'पोर्ट' हा शब्द आणि आपला क्रमांक १९०० वर संदेशाने पाठवायचा. आठ अक्षर-अंकांचा एक संकेत येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. मंडल तेच असेल तर कामकाजाच्या तीन दिवसांत बदल होतो. मधे काही तास फोन मुका राहतो. एका कंपनीत नव्वद दिवस पूर्ण झालेले असावे लागतात, म्हणजे फसगत झाली तरी तीन महिने तिथेच काढावे लागणार. जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस आणि पैसे नव्या घरी येत नाहीत. म्हणून रिचार्ज संपण्याच्या बेतात असताना हे काम करावे.

पैशाचा हिशेबही मी मांडून पाहिला. २०२४ च्या जुलैत तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओची १५५ रुपयांची योजना १८९ ची झाली, एअरटेल व व्ही यांची १७९ ची १९९ झाली. त्या एका महिन्यात सरकारी बी.एस.एन.एल.कडे सुमारे २९ लाख ग्राहकांची भर पडली. लोक किती चिडले होते याचा अंदाज त्यावरून येतो. पण आमच्या धर्मग्रामातील मजुराला दरापेक्षा जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे अठ्ठावीस दिवसांचा महिना. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली पंचांगातले दहा दिवस वगळून कालगणना सूर्याशी जुळवून घेतली. टेलिफोन कंपन्यांनी आपले स्वतंत्र पंचांग काढून वर्षाचे तेरा महिने केले! अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे तीनशे चौसष्ट. वर्षाला तेरा रिचार्ज. दूरसंचार प्राधिकरणाने २०२२ मध्ये निदान एक तरी योजना तीस दिवसांची ठेवा असे कंपन्यांना फर्मावले. ज्यांना इंटरनेट नकोच, अशांसाठी केवळ बोलणे आणि संदेश यांच्या योजनाही २०२५ पासून निघाल्या आहेत. दुकानदार त्या आपणहून सांगत नाही. विचारल्या तर देतो.

तथापि माझा निर्णय पैशावर अडला नव्हता. गेल्या वर्षी, पावसाळ्याच्या अखेरीस, एका दूरच्या वस्तीतील म्हातारी आई अत्यवस्थ झाली. तिने फादरला बोलवा म्हणून धोशा घेतला. तिच्या मुलाने संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात मला अकरा वेळा फोन लावला. मी त्या वेळी दुसऱ्या उपकेंद्रातून मिस्सा आटोपून परतत होतो. रस्ता डोंगराच्या कुशीतून जातो. क्रमांक कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे, हेच त्याला अकरा वेळा ऐकू आले. घरी पोहोचल्यावर फोनने एकदम सगळे निरोप ओतले. मी तसाच गाडी वळवून गेलो. आई गेली होती. मुलगा मला काही बोलला नाही. त्याने पाणी आणून दिले.

त्या रात्रीनंतर कंपनीविषयी माझ्या मनात अढी होतीच, आणि नव्या फोनमुळे तिला निमित्त मिळाले. पोर्ट करूनच टाकावे, असे एक मन म्हणे. पण विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. फोन करणाऱ्याची कंपनी त्याच्या ठिकाणी चालायला हवी, आणि माझी कंपनी मी जेथे असेन तेथे. दोघांची एकच असण्याची गरज नाही; कंपन्या आपापसांत जोडलेल्या असतात. (त्या जोडणीवरूनही भांडणे झाली आहेत. २०१६ मध्ये जिओ आली तेव्हा तिचे पुष्कळ कॉल इतरांच्या दारातून परत फिरत होते आणि प्राधिकरणाने तीन कंपन्यांवर ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली होती.) तेव्हा धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर कोणती कंपनी वेगाने चालते, हा प्रश्नच गौण होता. ओसरीवर मी असतोच किती?

नव्या फोनमध्ये दोन सिमांची जागा आहे. मी दुसऱ्या कंपनीचे एक स्वस्त सिम घेऊन दुसऱ्या खणात घातले आणि एक जुनी डायरी गाडीत ठेवली. अठ्ठावीस दिवस, म्हणजे कंपन्यांच्या पंचांगाचा एक पुरा महिना, जेथे जेथे थांबलो तेथे दोन्ही सिमांवर फोन लावून पाहिला आणि लिहून ठेवले. पडद्यावरच्या रेघांवर मी विश्वास ठेवला नाही. रेघा दिसतात आणि फोन लागत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. कंपन्यांनी आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळांवर ठेवावेत असा नियम आता आहे. ते नकाशेही पाहिले. त्यांत आमचा तालुका बराचसा रंगलेला दिसतो. अजिंठ्याच्या रांगांचे फाटे या जिल्ह्यात उतरतात आणि त्यांच्या मागे सावली पडते. ती सावली मला नकाशात कोठे सापडली नाही.

डायरीत निघाले ते असे. तालुक्याच्या गावी नवी कंपनी सरस, त्यात शंका नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी पाठवलेले चित्र डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उघडते. डोंगराकडच्या तीन वस्त्यांत मात्र जुन्या कंपनीचा टू-जीवरचा क्षीण आवाज येतो आणि नवीचे काहीच येत नाही. याला कारण आहे. कमी वारंवारितेची लहर लांब जाते, झाडा-भिंतींच्या आडही बरीच पोहोचते. वेगवान सेवेची पुष्कळशी मदार जास्त वारंवारितेवर असते आणि ती लहर लवकर थकते. वीज गेल्यावर मनोऱ्याची बॅटरी किती वेळ तग धरते हाही भाग आहेच. पाटणबोरीपलीकडे पैनगंगेच्या काठी गेलो तर दोन्ही फोन नदी ओलांडून तेलंगणाचा मनोरा पकडतात आणि सूचना तेलुगूत ऐकू येतात. पूर्वी त्याचे रोमिंगचे पैसे लागत. आता तो केवळ गमतीचा विषय उरला आहे.

आणि तो डोंगराच्या कुशीतला रस्ता? तेथे मी तीन वेळा गाडी थांबवली, त्यातली एक वेळ संध्याकाळची, सात वाजताची. दोन्ही सिमे सारखीच मुकी. सुमारे नऊ किलोमीटर. मी कंपनी बदललेली असती, तरी त्या मुलाला अकरा वेळा तेच ऐकू आले असते.

हे कळल्यावर मनातली अढी ओसरली. दुःख आहे तेथेच राहिले. मी पोर्ट केले नाही. जुना क्रमांक जुन्याच कंपनीत आहे, दुसरे सिम तालुक्याच्या गावी कामाला येते. दोन होड्यांवर पाय ठेवण्याचा खर्च महिन्याला आहे, तो मी सोसतो. शिवाय एक साधी व्यवस्था लावली आहे. बाहेर पडताना कोठे जातो आणि कोणत्या रस्त्याने, ते मावशींना सांगून निघतो, आणि ज्या उपकेंद्रात असेन तेथील मास्तरांचा क्रमांक दारावर लिहून ठेवतो. भिंतीवर क्रमांक लिहिण्याची युक्ती मी लोकांकडूनच उचलली. नऊ किलोमीटरांचा रस्ता त्यानेही भरून निघत नाही. पण मी त्यात कधी शिरलो आणि कधी बाहेर येईन, एवढे तरी कोणाला तरी ठाऊक असते.

माझा निर्णय सर्वांना लागू पडेल असे नाही. ज्या घरात पोरे बारावीला आहेत आणि अभ्यास फोनवर चालतो, त्यांनी गावात जी वेगवान असेल ती कंपनी खुशाल घ्यावी. मी तीन कुटुंबांना तसे सांगितलेही. मात्र सगळ्या घराचे सिम एकदम बदलताना आजीच्या बटणांच्या फोनचा विचार करावा. जिओचे जाळे पहिल्यापासूनच फोर-जीचे आहे. टू-जीचा फोन त्यावर चालणार नाही. नवा फोन घेताना तो बँड २८ घेतो का, हेही दुकानदाराला विचारावे. ७०० मेगाहर्ट्झची ती पट्टी बी.एस.एन.एल. फोर-जीसाठी आणि जिओ फाइव्ह-जीसाठी वापरते, आणि लांबच्या वस्तीसाठी तीच कामाची. देशी तंत्रावर उभारलेली बी.एस.एन.एल.ची फोर-जी सेवा २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशाला अर्पण झाली; त्याआधी २०२२ मध्ये केंद्राने सेवेविना राहिलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. पुतण्याच्या फोनात बँड २८ आहे. मी पेटीवर शोधून पाहिले.

मुकाट रस्त्याच्या तोंडाशी, टेकाडावर, अलीकडे एक मनोरा उभा राहिला आहे. तो कोणत्या कंपनीचा याची विचारपूस युवकांनी माझ्याआधीच केली आहे आणि त्यावरून त्यांची पैज लागली आहे. अजून तो सुरू झालेला नाही. दर गुरुवारी त्या वाटेने जाताना मी गाडी थांबवतो, दोन्ही सिमांवर फोन लावून पाहतो आणि डायरीत तारीख लिहितो.